सोरीने शिकवण लक्षात ठेवली

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका गावात सोरी नावाचा एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की त्याची बायको मारियामा त्याला काही सांगायच्या आधी दोनदा विचार करायची.

त्या देशात पक्ष एक आणि निवडणुकीला उमेदवारही एकच, राष्ट्राध्यक्ष साहेब. तरी मतदान व्हायचंच. हौस असते एकेकाला. साहेब हवे असतील तर त्यांच्या फोटोची हिरवी चिठ्ठी पेटीत टाकायची, नको असतील तर कोरी राखाडी. राखाडीला आजवर कुणी हात लावला नव्हता. आपला हात सगळ्यांनाच प्यारा.

यंदा सगळी मतं हिरवी पडली तर गावाला पाण्याचा पंप मिळणार होता. नाहीतर बायकांच्या नशिबी नदीच्या खेपा होत्याच.

पक्षाचे सचिव कमाराकाका सोरीला म्हणाले, "हा साहेबांचा फोटो. लोकांची नजर जाईल तिथे लाव."

गावाची सगळी नजर फान्ताआजीच्या बकरीवर, कारण ती कुणाच्याही मळ्यात घुसायची. सोरीने फोटो तिच्या पाठीवर चिकटवला. तिच्या करडांनी साहेबांना मिशांसकट खाल्लं.

"अरे शहाण्या," काका कपाळ बडवत म्हणाले, "साहेबांचा फोटो उंच ठेवायचा. कुणाचा हात पोहोचता कामा नये."

"बरं काका, आता लक्षात ठेवीन."

मतदानाच्या दिवशी काकांनी त्याला चिठ्ठ्यांच्या टेबलाशी बसवलं आणि ते राजधानीच्या तपासनिसाला आणायला गेले. सोरी बघतो तर काय, हिरव्या चिठ्ठीवर साहेबांचा फोटो. एकीवर नाही, सगळ्यांवर. बरं झालं, वेळेत दिसलं. त्याने गठ्ठा उचलला आणि माडाच्या शेंड्याला बांधून आला.

लोक आले. मत न देणाऱ्याची धडगत नसायची. टेबलावर राखाडी होत्या, त्याच टाकून गेले बिचारे.

काकांनी परत आल्यावर पेटीच्या फटीतून पाहिलं, तर आत सगळं राखाडी. तपासनीस दारात होता. "तो काहीही विचारू दे," काका कुजबुजले, "तू नुसतं 'हो' म्हण."

"बरं काका."

तपासनिसाने पेटी उघडली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे, साहेब पडले?"

"हो."

"मग दुसरा कुणी उमेदवार होता?"

"हो."

"कोण? तू? म्हणजे... आपण?"

"हो."

तपासनिसाने आयुष्यात दोन-तीन साहेब बदलताना पाहिले होते, आणि दर वेळी सलाम ठोकायला त्याला उशीर झाला होता. आज त्याने खाडकन ठोकला. "साहेब, आपल्या विरोधात कुणी आहे? हे सचिव?"

"हो."

तपासनिसाबरोबर आलेल्या शिपायांनी काकांना उचलून जीपमध्ये घातलं. काका आतून ओरडत होते, "अरे मूर्खा, आता तरी 'नाही' म्हण!" जीप धुरळा उडवत गेली.

सोरीला फार वाईट वाटलं. काका एवढं जीव तोडून शिकवतात आणि आपण दर वेळी चुकतो. आता नाही चुकायचं.

बाहेर मारियामा आणि गावातल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन जमल्या होत्या. तपासनीस अदबीने वाकला.

"साहेब, गावात पंप बसवून टाकू ना?"

"नाही," सोरी म्हणाला.