केरबाने खटका दाबला

भोपळगावात केरबा नावाचा एक भोळा प्रोग्रामर होता. सांगितलं तेवढं तो जिवापाड करायचा. तात्या लोहकऱ्यांच्या गिरणीचं ॲप त्यानेच बनवलेलं. घरबसल्या बटण दाबा, दळण न्यायला माणूस दारात.

तात्यांची मुलगी शरयू पुण्यात ॲप बनवायच्याच धंद्यात होती. स्वतःच्या लग्नासाठी गावी आली, तेव्हा म्हणाली, "केरबादादा, गिऱ्हाईक ॲपमध्ये काय काय करतं, ते टिपत जा."

केरबाने टिपलं. वर सगळ्यांना दिसेल असं ॲपवर लावलंही. 'सुलोचनाकाकूंनी बाजरी निवडली. काका ओरडले. काकूंनी बाजरी खोडून गहू घेतले.'

काकू लाटणं घेऊन आल्या.

"अहो, कुणाचं नाव कुठे येऊ द्यायचं नसतं!" शरयू म्हणाली.

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला.

मग तात्यांनी त्याला लग्नपत्रिका छापायला धाडलं. छापून वाटूनसुद्धा झाल्यावर त्यांनी वाचली. 'एका मुलीचा एका मुलाशी विवाह योजिला आहे. सर्वांनी यावे.' आहेर कुणाकडे न्यायचा, हे कुणालाच कळेना.

शरयूने कपाळाला हात लावला. "नवी गोष्ट एकदम सगळ्यांना दाखवू नये हो. आधी दहांत एकाला दाखवावी आणि काय होतंय ते बघावं."

"आलं ध्यानात."

लग्नाच्या आदल्या दिवशी तात्या म्हणाले, "उद्या गिरणी बंद. ॲपवर टाक." केरबाने दहांत एकालाच दाखवलं. सकाळी वऱ्हाडाच्या आधी दळणाचे डबे गिरणीपुढच्या मांडवात शिरले.

शरयू हळदीच्या अंगाने बाहेर धावली. "केरबादादा, नव्या गोष्टीला खटका ठेवायचा असतो! बिघडलं रे बिघडलं, की दाबायचा. नवं बंद, जुनं परत सुरू!"

केरबाला फार लागलं ते. आता पोरीच्या लग्नात काही बिघडू द्यायचं नाही, असं ठरवून त्याने मोटरसायकल काढली आणि करंजगावला जाऊन आला.

गोरज मुहूर्त. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला आणि नवरदेवाला ठसका लागला. खोकता खोकता फेटा नाकावर आला.

केरबाने मेन स्विच खाडकन पाडला. मांडवभर काळोख. काहीतरी फरफटल्याचा आवाज झाला. कुणीतरी "अगं आई" म्हणालं.

दिवे आले. शरयूने अंधारातच घातलेला हार करंजगावच्या दिगंबरच्या गळ्यात होता. गेल्या वर्षी तो तिला बघून गेला होता आणि तिने नकार कळवला होता. आज मुंडावळ्या बांधून उभा होता. घामाघूम, पण खूश.

"अरे, नवरदेव कुठाय?" तात्या किंचाळले.

"बंद केलाय," कोठीच्या खोलीची किल्ली दाखवत केरबा म्हणाला. "घाबरू नका शरयूताई. जुनं परत सुरू झालंय!"