राणीच्या डोक्यावरचा डाग

"...पण बाबा, चूक टांकसाळीचीच आहे ना?"

अच्युत रेणावीकरानं पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हाही गिरीबाबा पावटे सोलत होते.

प्रवरेकाठच्या त्या मठात लोक दोन कारणांनी येत. काहींना देव हवा असे, काहींना नाण्याची पारख. संन्यास घेण्याआधी बाबांचा नाण्यांचा मोठा संग्रह होता. तो त्यांनी वाटून टाकला. नजर तेवढी वाटता आली नाही.

अच्युत नाण्यांच्या वाटेनं आलेला. बरेच दिवस शिकत होता आणि आता शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं त्याचं स्वतःचं मत होतं. शिष्यांना हा आजार होतोच.

बाबांच्या पुढ्यात त्यानं चांदीचा एक जुना राणीछाप रुपया ठेवला होता. नाण्याच्या काठाला, राणीच्या मुकुटाशेजारी, चांगलं टेंगूळ आलेलं होतं.

टांकसाळीत ठसा काठाला तुटला की तिथली पोकळी धातूनं भरते आणि नाण्यावर असा उंचवटा येतो, हे त्यानं बाबांना समजावून सांगितलं. बाबांनीच ते त्याला शिकवलं होतं. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

उद्या नाणेसंग्राहकांच्या मंडळाचं प्रदर्शन होतं. पत्रिकेत 'टांकसाळीची दुर्मीळ चूक' असं छापून झालं होतं, खाली अच्युतचं नाव. आता बाबांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. नाही म्हणाले, तर चारचौघांत नाक कापलं जाणार होतं, आणि अच्युतचं नाक तसं बरंच पुढे होतं.

"मिळालं कुठं?" बाबांनी विचारलं.

"आईच्या डब्यात. सुया-दोऱ्यांत पडलं होतं."

"ती काय म्हणाली?"

"काहीतरी सांगत होती... मी म्हटलं, आई, तुला यातलं काही कळत नाही."

बाबांनी एक शेंग सोलली. दाणा किडका निघाला. तो त्यांनी बाजूला ठेवला.

"मागची बाजू बघितलीस?"

"स्वच्छ आहे, बाबा. वेलीचं पान न् पान ठसठशीत."

"तेच म्हणतो मी."

अच्युतनं नाणं उलटून पुन्हा पाहिलं. ठसा तुटला, तर धातू त्या पोकळीत शिरतो आणि बरोबर त्याच जागी मागची बाजू पुसट उतरते. टांकसाळीतली अशी चूक दोन्ही अंगांना कळते. बाहेर चिकटलेलं काही असेल, तर ते एकाच अंगाला राहतं. नियम त्याला तोंडपाठ होता. तो आपल्याही नाण्याला लावायचा असतो, हे मात्र सुचलं नव्हतं.

"कधीकधी मागचं नीट उमटतंही," तो म्हणाला.

"उमटत असेल. तिरपं धर."

त्यानं नाणं उन्हात तिरपं धरलं.

"अजून जरा..."

टेंगळाच्या खालून एका अक्षराचा पाय डोकावत होता. राणीच्या नावातलं शेवटचं अक्षर. ठसा तिथे तुटला असता, तर अक्षर उमटलंच नसतं. अक्षर आधीचं होतं. टेंगूळ मागाहून येऊन त्याच्यावर बसलं होतं.

"काय आहे ते?"

अच्युतनं टेंगळावरून नख फिरवलं. "डाग."

"कसला?"

"सोनारानं दिलेला... कडी जोडायला."

रुपयाला कडी लावून तो गळ्यात घालायची बायकांची जुनी रीत. कडी गेली आणि सांधा जोडल्याचा डाग तेवढा मागे राहिला. उद्याचं प्रदर्शन अच्युतच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. चांगल्या नाण्याचं कुणा अडाण्यानं वाटोळं केलं, असं तो बोलत सुटला.

"आणि कडीसुद्धा कापलेली नाही, बाबा. ओढून तोडलीय. बघा, डाग कसा फाटलाय. असा कोण दांडगा..."

त्यानं नाणं पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

बाबांनी हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

घरात कुठलंही कार्य असो, आई एक गोष्ट हटकून सांगायची. अच्युतच्या उष्टावणाची. तो मामाच्या मांडीवर बसलेला. आई कौतुकानं वाकली, आणि लेकानं तिच्या गळ्यातला डाग, तो कडीचा रुपया, मुठीत धरून असा हिसडा दिला, की कडी गळ्यात राहिली आणि रुपया खिरीच्या वाटीत पडला. सगळे पोट धरून हसत. अच्युतला पाहुण्यांदेखत लाज वाटे. गेल्या खेपेला तो "आई, पुरे" म्हणून पानावरून उठला होता. त्यानंतर तिनं ती गोष्ट काढली नव्हती.

अडखळत अडखळत त्यानं हे बाबांना सांगितलं. सांगताना त्याला फार वाईट वाटलं.

बाबा मात्र हसू लागले. इतके हसले की मांडीवरचे पावटे अंगणभर झाले.

"दांडगा सापडला म्हणायचा," ते म्हणाले.

मग अच्युतलाही हसू आवरेना. दोघं मिळून पावटे वेचू लागले.

"उद्या नाण्याखालची चिठ्ठी बदलायला हवी," तो वेचता वेचता म्हणाला. "पण लिहू काय?"

"आईला विचार. तिला यातलं कळतं."

बाबांनी रुपया उचलला, अच्युतच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं एकेक करून वर मिटवली. अच्युतनं मूठ घट्ट आवळली. उद्या आईला बरोबरच आणतो, म्हणाला.

पायरीपर्यंत गेला आणि परत वळला. संग्राहकाचा जीव तो, सहजासहजी थोडाच सुटतो.

"बाबा... म्हणजे या नाण्याला मोल असं काहीच नाही?"

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"टांकसाळीतून निघालं, तेव्हा नव्हतं."