गावाची ओ

पुष्कळ पुष्कळ वर्षांपूर्वी, गावांना वेस होती आणि वेशीला दार होतं, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वर दाट रान, रानात बिबटे, आणि रानापलीकडून उतरणारे चोर. म्हणून त्या गावात रोज जागल असायची.

जागल म्हणजे राखण. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या माणसानं काठी घेऊन गावाला फेरी घालायची. पण नुसती फेरी पुरत नसे. प्रत्येक दारापुढे थांबून त्यानं घरधन्याला हाक मारायची आणि आतून ओ आली की मगच पुढं जायचं. ओ आली नाही तर कडी वाजवायची. तरी आली नाही तर दार मोडायचं. अशा मोडलेल्या दारांमागे कधी साप चावलेला माणूस सापडला होता, तर कधी तापानं फणफणलेली बाळंतीण.

लोकांना मात्र या ओ देण्याचा भारी कंटाळा. ऐन झोपेचं खोबरं होई. पाळी आली की कुणाचं पोट दुखे, कुणाकडे अचानक पाहुणा येई. मग सकाळी सगळी भांडणं पाटलाच्या ओट्यावर. पाटील भला माणूस, पण या भांडणांनी त्याच्या नाकी नऊ आले होते. त्याला एकच विसावा होता, त्याची धाकटी लेक सगुणी. ती दिवसभर शेळ्यांमागे हिंडायची आणि दर थोड्या वेळानं कुठून तरी ओरडायची, "आबाऽ!" पाटील हातातलं काम न सोडता म्हणायचा, "ओ!" तिला काही नको असायचं. आबा जागेवर आहेत ना, एवढंच बघायचं असायचं.

एकदा मळणी आटोपल्यावर, भर दुपारी बाराच्या उन्हात, डोंगरावरून तिघं जण उतरले. अंगावर काळी घोंगडी, ती डोक्यावरून पुढं ओढलेली. तोंड कुणाचंच दिसेना. वेशीशी येऊन ते थांबले आणि त्यांतला एक म्हणाला, "आम्ही राखू. तुम्ही निजा."

मोल विचारलं तर घरटी पायलीभर धान्य. गावाला हर्ष झाला. पाटलानं गावाच्या वतीनं बेलभंडार उचलला, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हाती घेऊन शपथ वाहिली, की सांगतील ते मोल देऊ. घोंगडीवाल्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. आले तसे वर निघून गेले.

त्या वर्षी गाव घोडे विकून झोपलं. चोरी नाही, बिबट्या नाही. चमत्कारिक एवढंच, की राखण करताना ते तिघं कुणाच्या दृष्टीस पडले नाहीत. फेरीची पावलं वाजली नाहीत, कुणाच्या दारात हाक आली नाही. पण ज्याला झोप लागली आहे तो पावलं कशाला मोजतो?

पुढल्या वर्षी मोल तिप्पट झालं. पंचांनी डोकं खाजवलं आणि तळ्याच्या बांधाची डागडुजी त्या वर्षापुरती थांबवली. त्याच्या पुढल्या वर्षी मोल आणखी वाढलं. तेव्हा देवळातल्या समईचं तेल बंद केलं आणि ओढ्यावरचा मोडका साकव तसाच मोडका ठेवला. नंतर मात्र कापायला काही उरलं नाही. पाटील वेशीशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "आता धान्य न्हाई. पोरंबाळं उपाशी मरतील."

घोंगडीवाला म्हणाला, "धान्य नको. कुत्र्यांचं भुंकणं द्या."

पाटलाला हसू आलं. राखणदार असताना कुत्र्यांच्या भुंकण्याचं काय लोणचं घालायचं? तो 'दिलं' म्हणाला. त्या दिवसापासून गावातली कुत्री तोंड उघडायची, मान ताणायची, पण आवाज फुटायचा नाही. पुढल्या वर्षी कोंबड्यांचं आरवणं गेलं. सकाळ आता चोरपावलांनी यायची आणि लोक उन्हं अंगावर येईपर्यंत पडून राहायचे.

पुढल्या वर्षी काय मागतील, याची आता पाटलाला धास्ती वाटू लागली. त्यानं पंच बोलावले. तुळाजी कुंभार, जो नेहमी नको ते बोलायचा, तो म्हणाला, "पाटील, आपणच पुन्ना पाळी लावू की."

पण पाळी लावायची कशी? जागलीच्या काठ्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या. तरण्या पोरांना काळोखातली वाट ठाऊक नव्हती. आणि खरं सांगायचं तर झोपेची चटक लागली होती.

"मग पल्याडच्या गावाला सोबत घेऊ," पाटील म्हणाला. "त्येंचीबी राखण हेच करत्यात म्हणं. मोल अर्धं अर्धं वाटून घेऊ."

तुळाजीला तिकडे धाडलं. तो संध्याकाळी परतला तो थेट पाटलाच्या ओट्यावर आला.

"काय म्हणाले?" पाटलानं विचारलं.

"कायच न्हाई. येशीत उभा ऱ्हाऊन हाका मारल्या. माणसं समोर व्हती, पाटील. कुणी लाकडं फोडत व्हतं, कुणी पाणी आणत व्हतं. माझ्याकडं बघायची अन् फकस्त तोंड उघडायची. एकानंबी ओ दिली न्हाई."

"मग्रूर मेली," पाटील चिडून म्हणाला आणि तो विषय तिथंच संपवला. तुळाजी मात्र उठताना म्हणाला, "मग्रूर न्हाई वाटली मला. रडत व्हती." ते कुणी मनावर घेतलं नाही.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. कणगीत उरलं ते फक्त बियाणं. मळणीनंतर दुपारी बाराला तिघं उतरले आणि पाटील वेशीशी गेला. बियाणं मागितलं तर गाव संपलं.

घोंगडीवाला म्हणाला, "गावाची ओ द्या."

पाटलाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. ओ म्हणजे काय, एक अक्षर! ना ते पेरता येतं, ना शिजवता येतं. "न्या," तो म्हणाला, आणि घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला.

जेवून उठताना परसातून सगुणीनं हाक मारली, "आबाऽ!" पाटलानं तोंड उघडलं. घसा मिटला. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. इतर बोलणं नीट होत होतं, शिव्यासुद्धा देता येत होत्या. पण कुणी हाक मारली की उत्तर म्हणून एक शब्द निघेना. सगुणी धावत आत आली, बापाला जागेवर पाहिलं आणि रुसून म्हणाली, "आबा, तुमी ओ का न्हाई दिली?" पाटील तिच्या केसांवरून हात फिरवत राहिला. त्याला लाज वाटली.

पुढे चार-सहा दिवसांनी ती शेळ्या घेऊन डोंगराच्या सोंडेवर बोरं वेचायला गेली. दिवस कलताना तळ्यावरून धुकं उठलं आणि बघता बघता सगळा डोंगर गिळून बसलं. शेळ्या आपल्या आपण घरी आल्या. पोर आली नाही.

मग हाक आली. "आबाऽ! वाट दिसंना!"

सगळं गाव वेशीशी जमलं. सगळ्यांना हाक ऐकू येत होती आणि सगळे तोंड उघडून उभे होते. पाटलिणीनं ताट आणि पळी उचलली, पण तिचा हात हवेतच राहिला. ताट वाजवणं म्हणजेही उत्तर देणंच होतं. पाटलानं हाकेच्या दिशेनं पाऊल टाकलं, तर पाय जमिनीला खिळले. कुत्री माना ताणून धुक्याकडे बघत होती. इतक्या माणसांची एवढी शांतता त्या गावानं कधी ऐकली नव्हती.

"आबाऽ!"

आणि वरून, डोंगराच्या माथ्यावरून, उत्तर आलं. "ओ!"

पाटलाच्या अंगावर सरसरून काटा आला. तो आवाज त्याचाच होता. हातातलं काम न सोडता द्यावी तशी ती ओ होती. सगुणीची पुढची हाक थोडी वरून आली, त्याच्या पुढची आणखी वरून. तिच्या आवाजातली भीती गेली होती. आबा वर आहेत, हे तिला कळलं होतं. माथ्यापलीकडे सरळ तुटलेला कडा होता.

पाटलाला हाकेमागे जाता येत नव्हतं. मग तो आपल्याच ओमागे निघाला. तिकडे पाय चालले. काटे लागले, गुडघे फुटले, तो ठेचकाळत चढत राहिला.

माथ्यावर ते तिघं कड्याच्या काठाला बसले होते. एका घोंगडीतून त्याचा आवाज येत होता, आणि सगुणी हात पुढे करून तिकडे चालली होती. पाटलानं झेप घेऊन तिचं मनगट धरलं. तिनं वळून पाहिलं, मग घोंगडीकडे पाहिलं आणि बापाच्या कमरेला मिठी मारली.

पाटील धापा टाकत म्हणाला, "मोडला करार. समदं माघारी द्या."

"देऊ," घोंगडीवाला म्हणाला. "सगळं खाली जाईल. पण बेलभंडार उचलला तो हात इथं राहील. हातासंगं माणूस."

पाटलानं लेकीकडं पाहिलं. त्याला भयंकर भीती वाटत होती, पण विचार करावा लागला नाही. "ऱ्हातो," तो म्हणाला.

तेवढ्यात खाली एक कुत्रं भुंकलं. मग दुसरं, मग सगळ्या गावातली. अवेळी कोंबडे आरवले. पाटलानं सगुणीचं तोंड गावाकडे केलं. "त्या आवाजावर उतर. हाका मारत जा. मागं वळून बघू नको."

ती उतरत गेली. धुक्यात तिची हाक आली, आणि खालून अख्ख्या गावानं ओ दिली. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, तुळाजीनं, तिच्या आईनं, सगळ्यांनी एकदम. पाटलाला रडू कोसळलं. डोळे पुसायला हात वर नेला तर बोटांना घोंगडी लागली.

गावानं त्याच आठवड्यात नव्या काठ्या तोडल्या आणि पाळी लावली. कुणाचं पोट दुखलं नाही.

पुढल्या मळणीनंतर, दुपारी बाराला, लांबच्या एका गावाच्या वेशीशी चौघं जण येऊन थांबले. तिथल्या पंचांचे डोळे जागरणानं तारवटलेले होते. चौथ्याला त्यांना ओरडून सांगायचं होतं की नको, परत जा, आपल्या पाळ्या आपण लावा. त्यानं तोंड उघडलं आणि शब्द बाहेर पडले, "आम्ही राखू. तुम्ही निजा."

पण डोंगरावर परतला की तो काठाशी जाऊन बसतो. खाली जागल निघते. पाळीचा माणूस दारोदार हाक मारतो आणि दारोदार ओ येते. पाटलाच्या दारात अजूनही पाटलाच्याच नावानं हाक मारतात. तिथं ओ सगुणी देते. तिची ओ ऐकेपर्यंत चौथा राखणदार जागचा हलत नाही.

बोध एवढाच: राखण मोलानं घेता येते, पण एकमेकांच्या हाकेला ओ ज्याची त्यानंच द्यावी लागते.