येसूनं खुडलेलं वांगं

ये गं रेवा, ये रे कुशा. पाय आत घ्या. कुणी मधे बोललं तर मी तिथेच थांबेन, सांगून ठेवते.

एकदा काय झालं, एका गावात सगुणाबाई नावाची सासू होती आणि येसू नावाची तिची नवी सून. घर लहान, पण परसबाग अशी की बघत राहावं! आणि त्या बागेत वांगी. जांभळी, पांढऱ्या पट्ट्यांची, लोण्यासारखी मऊ. तसली वांगी दुसरीकडे कुठे नाहीत, असं सगुणाबाई म्हणायच्या. बी त्यांच्या आईचं होतं ना.

पौष महिना आला. थंडी कडाक्याची. झाडं म्हातारी झाली. एका झाडावर एकच वांगं राहिलं. सगुणाबाईंनी त्याला लाल दोरा बांधला. का? तर ते बियाण्याचं. ते झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, मग त्याचं बी काढून राखेत ठेवायचं.

पण येसूच्या माहेरी रीत वेगळी, बरं का. तिथे लाल दोरा बांधायचे तो भोगीच्या भाजीसाठी. मग भोगीच्या दिवशी येसूनं काय केलं? पहाटे उठली, वांगं खुडलं, तीळ घालून झकास भाजी केली आणि सासूबाईंच्या पानात वाढली. "आत्याबाई, दोरा बांधलेलं तुमच्यासाठीच हं!"

सगुणाबाईंचा घास हातातच राहिला.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडल्याच नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईचं तेवढंच उरलं होतं गं." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. जेवेनात, बोलेनात, बागेकडे फिरकेनात.

येसू रडली. मग नाक पुसलं आणि बागेत गेली. मातीवर बसून म्हणाली, "मातीबाई, एक तरी बी असेल का गं तुझ्यापाशी?"

माती म्हणाली, "मी गारठलेय. आधी ऊब दे." हो, बोलली! तेव्हाची माती बोलायची. मग येसूनं वाफे खणले, ढेकळं फोडली, वर वाळका पाला पसरला. माती म्हणाली, "आता बरं वाटलं. बी नाही माझ्याकडे. खताच्या खड्ड्याला विचार."

खड्डा म्हणाला, "मी गुदमरलोय. आधी वरखाली कर." मग येसूनं पदर खोचला, खत उपसलं, वरचं खाली, खालचं वर केलं. नाकाला वास, हाताला फोड! खड्डा म्हणाला, "देवमाणूस आहेस. बी नाही. आडाला विचार."

आड म्हणाला, "माझा पाट तुंबलाय. आधी मोकळा कर." मग येसूनं पाटातला गाळ काढला, काठ लिंपले. पाणी खळखळत वाफ्यांपर्यंत गेलं. तेव्हा आड हळूच म्हणाला, "सकाळी या बाजूनं सगुणा पाणी भरते. दुपारी त्या बाजूनं पारू भरते. पारूच्या परसात बघ जा."

ही पारूबाई कोण? सगुणाबाईंची थोरली जाऊ. नऊ वर्षं दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. कशावरून? एका घागरीवरून! हसू नका. तुमचं परवा पेन्सिलीवरून झालंच की.

मग येसू कुंपणापलीकडे गेली. बघते तर काय, तीच जांभळी वांगी! येसू हात जोडून म्हणाली, "थोरल्या आत्याबाई, चिमूटभर बी द्या."

पारूबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या, "तुला देणार नाही. हवं असेल तर तिनं स्वतः यावं."

येसूनं घरी येऊन सांगितलं. सगुणाबाई ताडकन उठून बसल्या. "जीव गेला तरी तिच्या दारात जाणार नाही!"

येसूनं काय केलं? सासूचा हात धरला आणि परसात नेलं. खणलेले वाफे, काळंभोर खत, वाहता पाट. सगुणाबाई बघतच राहिल्या. मग येसूचे हात उलटे करून पाहिले. सगळे फोड.

"अगं, बीच नाही. मग एवढं कुणासाठी केलंस?"

"तुमच्यासाठी, आत्याबाई. चूक माझी होती."

सगुणाबाईंनी डोळे पुसले. डोक्यावर पदर घेतला आणि तडक निघाल्या. पारूबाईंच्या दारात उभ्या राहिल्या.

पारूबाईच पुढे आल्या. हातात राखेतली पुरचुंडी. म्हणाल्या, "तूच दिलं होतंस हे बी, लग्न होऊन आलीस त्या पहिल्या वर्षी. दर पौषात तुझ्या वाटणीचं बांधून ठेवते. आज येशील, उद्या येशील. किती गं वाट बघायला लावलीस!"

मग दोघी गळ्यात गळा घालून अशा रडल्या की आडाचं पाणी वाढलं म्हणतात. मी काही मोजायला गेले नव्हते.

पुढे बी रुजलं, वांगी धरली. दोन्ही जावा बांधावर बसून एकदमच हुकूम सोडायच्या आणि बिचारी येसू आधी कुणाचं ऐकू म्हणून हसत सुटायची. तिघी सुखानं नांदल्या.

कुशा झोपला वाटतं. रेवा, तूही डोळे मिट. गोष्ट इथे पुरी झाली, आता तुमची झोप सुरू होऊ दे.