महाराजांचं चाक आणि दिवाणजींचा कट्टा

भर दरबारात प्रचंडराव महाराजांना ठेच लागली! ऐटीत सिंहासनाकडे निघाले होते. नव्याकोऱ्या काँक्रीटच्या कोब्यावर एक उंचवटा राहिला होता, त्यावर अंगठा आपटला आणि महाराज चारी मुंड्या चीत! हसू सगळ्यांनाच येत होतं, पण हसायची छाती कुणाची होती? (राजाच्या काळी काँक्रीट कुठून आलं, असं ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आधी गोष्टीतल्या बोलक्या पोपटांना जाब विचारावा.)

"कुणी घातला हा कोबा?" महाराज गरजले.

भिवा मिस्त्री हात जोडून पुढे आला. मागे त्याची लेक ठकू. बापलेक मिळून कोबा घालत आणि तो वाळला की यंत्राने घासून सपाट करत.

"घासायचं राहिलंय, महाराज," ठकू म्हणाली. "तुम्हीच जरा घाई केलीत."

भिवाने तिला चिमटा काढला, पण व्हायचं ते झालंच. महाराज लालबुंद झाले. "उद्या सूर्य मावळायच्या आत कोबा सपाट झाला पाहिजे! नाहीतर तुमचं यंत्र जप्त आणि तुम्ही दोघं राज्याच्या हद्दीबाहेर!"

भिवाने पिशवीतून घासायचं चाक काढलं. हे चाक म्हणजे पालथी पोलादी वाटीच. काठावर धातूचे दात आणि त्या दातांत हिऱ्याची बारीक कणी.

"हे कुठल्या जातीचं चाक?" महाराजांनी विचारलं.

"मऊ जातीचं, महाराज. कोबा लई कडक झालाय, म्हणून."

"माझ्या दरबाराला मऊ चाक? अरे, काट्याने काटा निघतो! कडक कोब्याला कडकच चाक पाहिजे!" महाराजांनी कोठारातलं सगळ्यांत कडक चाक स्वतः निवडून दिलं. "हेच लावायचं. दुसरं लावाल तर खबरदार!"

"वा! अशी निवड महाराजांनीच करावी!" दिवाण केरोपंतांनी मान डोलावली. ती मान दिवसातून शंभरदा डोलायची.

सकाळी यंत्र सुरू झालं. घटकाभर चाकाने काँक्रीट कापलं, मग ते नुसतंच घसरायला लागलं. भिवाने अंगाचा सगळा भार टाकला. चाक तापलं, किंचाळलं, पण उंचवटा हलेना.

"बा, दाबू नको!" ठकूने यंत्र थांबवून चाक उलटं केलं. दात आरशासारखे चकचकीत झाले होते. "हिरं आत दडलंत. भोवतीचा धातू झिजंल तवा त्यांची टोकं वर येतील. अन् ह्या गुळगुळीत कोब्यावर कडक धातू झिजतोय कुठं!"

"म्हणून तर मी मऊ चाक काढलं होतं," भिवा डोक्याला हात लावून बसला.

ठकू भराभर विचार करू लागली. यंत्र गेलं तर बापाच्या हाती फावड्याशिवाय काय उरणार? धातू झिजवायला काहीतरी वाळूचं, भुसभुशीत हवं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. दाराबाहेर दिवाणजींनी सरकारी खर्चाने बांधून घेतलेला लांबलचक कट्टा होता. त्यावर बसून उठलेला प्रत्येक जण धोतर झटकत जात होता. ठकूने कट्टा नखाने खरवडला. चिमूटभर वाळू हातात आली! ती तशीच महाराजांकडे धावली.

"महाराज, तुमचं चाक उपाशी हाय!"

"चाक? उपाशी?"

"नुसतं कडक खाऊन त्याचं दात बसलंत. जरा मऊ भरवाय पायजे. दिवाणजींच्या कट्ट्यावर फिरवू का?"

"माझ्या कट्ट्यावर?" केरोपंत ताडकन उठले. "महाराज, तो पक्क्या काँक्रीटचा आहे! अगदी दगड!"

"दगड असंल तर त्याला काय बी व्हायचं नाही," ठकू म्हणाली. "मग दिवाणजी भित्यात कशाला?"

"खरंच की! फिरव!" महाराजांनी हुकूम सोडला.

धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून ठकूने ओला पंचा तोंडाला बांधला आणि चाक कट्ट्याला लावलं. खर्रर्र! वाळूचा लोट उठला. यंत्र थांबवून तिने दातांवरून बोट फिरवलं. बोटाला हिऱ्याची कणी टोचली. तशीच ती कोब्याकडे आली आणि चाक कापायला लागलं! पुन्हा घसरलं की पुन्हा कट्टा, पुन्हा कोबा. दर फेरीला केरोपंतांचा चेहरा उतरत होता. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला तेव्हा कोबा सपाट झाला होता आणि कट्टाही सपाट झाला होता!

महाराज अनवाणी, डोळे मिटून दरबाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. कुठे म्हणून अडखळले नाहीत. मग दाराबाहेरच्या वाळूच्या ढिगाकडे त्यांचं लक्ष गेलं.

"दिवाणजी, यात सिमेंट कुठंय?"

केरोपंतांना घाम फुटला. पण गडी बेरकी! "महाराज, ते राहू द्या. ही पोर काय म्हणाली? चाकाला भरवावं लागलं! म्हणजे महाराजांची निवडच चुकली, असंच ना?"

महाराजांच्या भुवया चढल्या. "बोल, मुली! माझी निवड बरोबर की चूक? खोटं बोललीस तर यंत्र जप्त, आणि माझा अपमान केलास तरी यंत्र जप्त!"

भिवाने डोळेच मिटून घेतले.

ठकूने अदबीने मुजरा केला. "महाराज, मऊ चाक कडक कामाला आन् कडक चाक भुसभुशीत कामाला, ही आमच्या धंद्याची रीतच हाय. तुमची निवड एकदम बरोबर! तुम्ही दिवाणजींच्या कट्ट्यासाठी नेमकं चाक निवडलंत!"

महाराज असे हसले, असे हसले की त्यांना सिंहासनाला धरून उभं राहावं लागलं! सारा दरबार खो खो हसला. केरोपंतांनी सवयीने मान डोलावली, मग कशावर डोलावली ते ध्यानात आलं.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं. "भिवा, यंत्र तुझंच! आणि आजपासून या राज्यात कुठल्या कामाला कुठलं चाक, ते ठकू ठरवेल. राजासुद्धा नाही! दिवाणजी, तुम्ही कट्टा पुन्हा बांधायचा, स्वतःच्या हातांनी. झाला की ठकू त्यावर चाक फिरवून बघेल!"