अजून थोडं आवळ

पेट्रोलच्या टाकीला कुलूप लावायची पद्धत नव्हती, त्या काळातली एक मोटरसायकल होती. तिच्या कार्बोरेटरची वाटी एका पोलादी स्क्रूने धरून ठेवली होती. स्क्रू आणि कार्बोरेटर जन्माचे दोस्त.

एक दिवस वाटीच्या काठावर पेट्रोलचा थेंब दिसला आणि स्क्रूच्या मनात पाल चुकचुकली. "काय रे, मला सोडायला लागलास की काय?"

"नाही रे बाबा," कार्बोरेटर म्हणाला. "ते वाटीच्या काठाचं रबरी पॅकिंग सुकलंय."

स्क्रूला काही ते पटेना. थेंब दिसला की तो पेचकसाला म्हणायचा, "अजून थोडं आवळ." कार्बोरेटर पडला मऊ धातूचा. त्याचे आटे झिजत होते, पण दोस्ताचं मन राखायला तो सोसत राहिला. शेवटी एकदा कर्रकन आवाज झाला, आटे भुगा होऊन गळाले आणि स्क्रू नुसताच गरगर फिरत राहिला.

दस्तगीर मिस्त्रींनी वाटी उघडली. "अरेरे! पॅकिंग बदललं असतं, तर आटे वाचले असते." त्यांनी नवं पॅकिंग घातलं, कार्बोरेटरचं भोक मोठं करून त्यात आतून आटे असलेला पितळी बुश, म्हणजे एक छोटी नळी, बसवला आणि तोच स्क्रू त्या बुशात फिरवला.

थेंब थांबला. स्क्रूने हळूच विचारलं, "फार दुखलं का रे तुला?"

"छे! मला काय होतंय?" उत्तर अगदी कानाशी आलं, पण आवाज पितळेचा होता.

पलीकडे, केसभर अंतरावर, कार्बोरेटर होता. स्क्रूचा हात त्याच्यापर्यंत पुन्हा कधीच पोचला नाही.