टोचणारा भाकस

पूर्वी शूर्पारक बंदरी सुधन्वा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी समुद्रतळाशी भाकस या चपट्या माशाचा जन्म घेतला. चपट्या माशांचा एका बाजूचा डोळा लहानपणीच सरकत सरकत दुसऱ्या बाजूला जातो, आणि मग ते वाळूत आडवे पडतात. शेजारच्या लेपे माशांचे तसेच झाले होते. भाकसाचा डोळा मात्र डोक्याच्या कडेवरच थांबला. त्यामुळे त्याला दोन्हीकडचे दिसे आणि उभे पोहताही येई. लेपे त्याला अर्धवट म्हणत.

लेप्यांचा कुळाचार एकच. संकट आले की वाळू अंगावर ओढायची आणि हलायचे नाही. मोठ्या माशांपुढे तो चाले. पण त्या वर्षी कोळ्यांनी नवे, कमी उंचीचे जाळे आणले. त्याच्या खालच्या दोराला दगड बांधलेले होते आणि तो तळ खरवडत येई. पलीकडच्या खाडीतले सगळे लेपे त्यात गेलेले भाकसाने पाहिले होते.

तो म्हाताऱ्या वालुक लेप्याकडे गेला. "आजोबा, दोर आला की पडून राहू नका. उठा, वर पोहा."

"पडून राहूनच सात पिढ्या जगल्या आमच्या," वालुक म्हणाला. "तुझा डोळा जागेवर बसला असता तर तुलाही अक्कल आली असती."

सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले. भाकसाने हाका मारल्या, पण कोणी हलेना. तेव्हा पाठीवरचे काटे उभारून तो एकेकाला टोचत सुटला. चिडलेले लेपे त्याला मारायला वर उसळले आणि दोर त्यांच्या खालून निघून गेला. वालुक तेवढा पडून होता. भाकस त्याच्यासाठी मागे फिरला. म्हातारा शिव्या देत उठला, पण भाकसाचे काटे जाळ्यात अडकले.

"एवढ्या ओढीत एकच भाकस?" वर कोळी म्हणाला, आणि त्याने सुरी काढली.

खाली लेपे टोचलेल्या जखमांनी कण्हत होते. "टोचणाऱ्याला समुद्रानेच शिक्षा केली," वालुक म्हणाला. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज होती हेच कोणाला कळले नाही.

पुढच्या भरतीला दोर पुन्हा आला. सगळे वाळू ओढून पडून राहिले. या वेळी टोचायला कोणी नव्हते.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षूंना सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, माझा उपदेश टोचतो म्हणून जो भिक्षू काल संघ सोडून गेला, तोच तेव्हाचा वालुक. लेपे म्हणजे त्याच्यामागून गेलेले. भाकस मीच होतो. कृतज्ञतेची वाट न पाहता वाचवणे, हीच मैत्री."

मग ते चीवर सावरून उठले आणि गेलेल्यांना शोधायला निघाले.